हॉलमधला किल्ला

माझी नणंद आमच्याकडे राहायला आली, कारण तिची गिरगावातली बिल्डिंग पाडायला काढली होती आणि दुसरं घर मिळायला अजून तीन महिने होते. आमचं शांती नगरातलं घर वन बीएचके. आम्ही दोघं, दोन मुली आणि आता ताई. तोंडावर मी त्यांना ताई म्हणायचे. मनात जे म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

मे महिना होता. खाली सगळीकडे गाड्या उभ्या, म्हणून दर सुट्टीत मी मुलींना हॉलमध्ये किल्ला बांधून द्यायचे. डायनिंगच्या चार खुर्च्या, कपडे वाळत घालायचा स्टँड, डबल बेडच्या दोन चादरी आणि भरपूर चिमटे. धाकटी सहा वर्षांची. तिने पुठ्ठ्याचा दरवाजा केला होता आणि आतल्या बाजूला किल्ल्याचे नकाशे काढून चिकटवले होते.

एका सकाळी मुलींना घेऊन नया नगरला चपला आणायला गेले. परत आलो तर किल्ला नव्हता. खुर्च्या जागेवर, चादरींच्या घड्या सोफ्यावर. दरवाजा आणि नकाशे कचऱ्यात गेले होते, आणि कचरेवाली येऊनही गेली होती.

"घरात पाय ठेवायला जागा नको का?" ताई म्हणाल्या. "मुलींना वळण लावायचं सोडून तू त्यांच्यात मूल होतेस."

धाकटी रडली नाही, नुसती चादरींकडे बघत बसली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला थोडेच दिवस आहेत, सांभाळून घे.

मी सांभाळून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर नवा किल्ला बांधला. या वेळी चादर खिडकीच्या ग्रिलपासून थेट टीव्हीच्या कपाटापर्यंत ताणली, ताई दुपारी जिथे बसून मालिका बघायच्या ती खुर्ची बरोबर आत घेऊन. त्या किचनमध्ये स्टुलावर जाऊन बसल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग आमचं बोलणं बंद झालं. त्या स्वतःचं पिठलं वेगळं करून खायला लागल्या. "आईला सांग, गॅस मोकळा झालाय," असा निरोप मोठीकडे द्यायच्या. मीही उत्तर तिच्याकडूनच पाठवायचे. दोन दिवसांनी मोठी पुस्तक घेऊन बेडरूममध्ये बसायला लागली. किल्ला मात्र मी रोज सकाळी उभा करत होते.

पाचव्या दिवशी मी चिमटे लावत होते आणि धाकटी बाहेरच उभी राहिली. आत ये म्हटलं, तर म्हणाली, "मला नाही खेळायचं. हा तुझा किल्ला आहे."

"माझा कसा?"

"तू आत असलीस तरी आत्याकडेच बघत असतेस."

मला तिचाच राग आला. तिच्या नकाशांसाठी तर मी हे सगळं करत होते, असं तोंडावर आलं होतं. पण ते खरं नव्हतं, आणि तिला ते कळलं होतं. मी चिमटे काढायला लागले. ताई किचनमधून आल्या आणि घडी घालायला चादरीचं दुसरं टोक त्यांनी हातात धरलं. मी ते ओढून घेतलं.

जुलैत त्या गेल्या. नकाशांबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, खुर्चीबद्दल मीही नाही. लग्नकार्यात भेटलो की तब्येत विचारतो, तेवढंच.

मुली आता स्वतःच बांधतात, बेडरूममध्ये पलंग आणि कपाटाच्या मधे. परवा डोकावले, तर मोठी म्हणाली आत जागा नाही. चादरीमागून फोनवरचा आवाज येत होता. धाकटी व्हिडिओ कॉलवर आत्याला किल्ला दाखवत होती, आणि ताई कौतुकाने विचारत होत्या, छप्पर कशाने बांधलंय. मी दार ओढून घेतलं. जरा जोरातच.