झेंडूतली बाई

आमचे मनोहरकाका नाशिकला तीस वर्षं सरकारी इंजिनियर होते, त्यामुळे कुणी न विचारता माहिती देण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. गेल्या वर्षी नीलाकाकू गेल्या आणि देवांगनं वडलांना इकडे अमेरिकेत, आमच्या फ्रीमाँटला आणलं. मुलगा-सून ऑफिसला गेले की काका दिवसभर डिशवॉशरशी बोलत. शेवटी त्यांनी जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड व्हायचं ठरवलं. परीक्षा पास होऊन बिल्ला मिळाला, तर आठवड्यातून दोन दिवस माणसांशी बोलायला मिळणार होतं. नाहीतर पुन्हा डिशवॉशर.

परीक्षेला चित्र आलं एका मेक्सिकन बाईचं. भरतकामाचा झगा, हातात कणीस, मागे निवडुंग आणि भोवती झेंडूच झेंडू. काका ठणकावून म्हणाले, "दसरा आहे. बाईंनी नवीन गाडी घेतलेली दिसते."

नापास.

"बाबा, थोडं वाचून तरी जायचं!" देवांग वैतागला.

"झेंडूबद्दल मला अमेरिकेत शिकवणार?"

पण आता एकच संधी उरली होती. काका महिनाभर लायब्ररीत बसले. एकदा मला हळूच म्हणाले, "अरे, झेंडू मूळचा त्यांचाच! आपण उगाच दारोदार मिरवतोय. बोलू नकोस कुणाला."

दुसऱ्या वेळी मीच त्यांना घेऊन गेलो. चित्र तेच. सुरुवात झकास झाली. "निवडुंग त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. आणि हे कणीस म्हणजे त्यांचा देश. आम्ही स्पेनची नक्कल नाही, आम्ही मक्याची माणसं, असं चित्रकार सांगतोय." परीक्षक बाई मान डोलवत होत्या. "आणि झेंडू... तो गेलेल्या माणसांसाठी. वर्षातून एकदा ती या वासावरून आपलं घर शोधत..."

ज्यांना गप्प करता करता नाशिकचं अख्खं ऑफिस थकलं होतं, ते काका चित्रातल्या त्या बाईसमोर नुसते उभे राहिले. वेळ संपली. परीक्षक बाईंनी पाण्याचा ग्लास दिला. बिल्ला दिला नाही.

गाडीत काका म्हणाले, "नीलाला नाशकातसुद्धा रस्ते सापडायचे नाहीत रे. इथे तर सगळी घरं एकसारखी." मग म्हणाले, "नर्सरीकडे घे."

संध्याकाळी देवांग घरी आला, तर रस्त्यापासून दारापर्यंत झेंडूच्या कुंड्यांची रांग.

"हे काय बाबा? गाडी घेतलीत की काय?"

काकांनी शेवटची कुंडी उंबऱ्याला टेकवली, पायरीवर बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले.