मोहल्ल्याचा कुत्रा

आंबागडला आमच्या मोहल्ल्यात कुत्रा कधी एका घराचा नसे. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरली आणि तो त्यांच्यावर धावून गेला, की तो सगळ्यांचा. त्यानं कोणाची कोंबडी उचलली, की कोणाचाच नाही. गरज सरो, वैद्य मरो! ‘हा माझा’ म्हणेल त्याच्या दारात भांडण ठरलेलं, म्हणून भात सगळे घालत, पण मालक म्हणवून घ्यायला कोणी तयार नसे.

त्या तांबड्या कुत्र्याला सगळ्यात जास्त भात माझ्या आईनं घातला. बाबा गेले, मी नोकरीसाठी भंडाऱ्याला राहायला गेले, आणि घरात तिच्याशी बोलायला तोच उरला. "खाय बे, सायबासारखा काय पाहून राहिला?" असं ती त्याच्यावर खेकसायची. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला तो अंगाला हात लावू देत नसे.

त्या हिवाळ्यात, धानाची चुरणी-मळणी झाल्यावर, गावात कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस टोचणारे लोक आले. फुकट टोचत होते. आई बघायला गेली, तर हा तिच्या मागोमाग.

"कोणाचा आहे हा? मालकानं धरला तर लगेच टोचतो," लसवाला म्हणाला.

शेजारची काकू तिथंच उभी होती. तिच्या कोंबड्या नुकत्याच गेल्या होत्या, आणि चोर कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं आईकडं असं काही पाहिलं, की आई म्हणून गेली, "आमचा नोहोय जी. मोहल्ल्याचा हाय."

अख्खा मोहल्ला तिथं उभा होता. एकही माणूस पुढं झाला नाही, आणि कुत्रा न टोचताच राहिला. हे सगळं मला आईनंच नंतर सांगितलं.

उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी आले, तर कुत्रा गोठ्यात पडलेला. तोंड उघडं, लाळ गळतेय, आवाज बसलेला, पाण्याला तोंड लावत नाही.

"घशात हाडूक फसलं असन त्याच्या," आई म्हणाली. "सकाळी बोटं घालून पाह्यलं, पण भेटलं नाही."

मी तिचा हात ओढून पाहिला. तिच्या बोटावर दात लागल्याचा ओरखडा होता. मी तिला नळाखाली ओढलं, साबण लावून हात घासघास घासला, आणि घासता घासता तिच्यावर इतकी ओरडले की शेजारी गोळा झाले.

"काहून बोंबलून राहिली? कुत्रं बिमार हाय, मले काय झालं?"

गोठ्याला बाहेरून कडी घातली आणि तिला ऑटोत घालून तुमसरच्या दवाखान्यात नेलं; तिथं रेबीजच्या सुया सुरू झाल्या. आई वाचली. कुत्रा तिसऱ्या दिवशी आतच मेला. त्याला पुरायला मात्र मोहल्ल्यातले सगळे आले, काकूसुद्धा. मला त्यांचा इतका संताप आला की मी घराबाहेर पडले नाही.

शेवटची सुई घेऊन आम्ही एसटीनं परत येत होतो. मी म्हटलं, "सुटलो बाबा एकदाचे!" आई दंड चोळत खिडकीबाहेर बघत होती. मग तिचे डोळे भरून आले.

"मले एवढ्या सुया देल्ल्या," ती म्हणाली. "त्याले एकच पाहिजे होती, माय."