हिरामणच्या टाकीतली गुठळी

भिवंडीच्या साइझिंग कारखान्यात सुताला लावायची खळ शिजवण्यात हिरामण भालेरावची अठ्ठावीस वर्षं गेली. खळ जमली की नाही, हे तो एक थेंब दोन बोटांत चोळून सांगायचा. दाटपणा मोजायचं यंत्र होतं तिथं, पण ते त्याच्या मते पाहुण्यांना दाखवायला. आणि अठ्ठावीस वर्षांत त्याच्या टाकीत एकदाही गुठळी झाली नव्हती. हे तो कुणी न विचारताच सांगायचा.

त्याची लेक संघरत्ना पुण्याला संशोधनाला लागली, तसा विहाराच्या कमिटीनं रविवारी तिचा सत्कार ठरवला. तिथला रिवाज असा, की सत्कार पोरांचा, पण पोर काय करतं हे बापानं उभं राहून सांगायचं. बापाला जमलं नाही तर अध्यक्ष दाजी सांगणार. आणि दाजी बोलायला लागले की मागच्या रांगा जेवून परत येतात.

हिरामणला धसका होता. मागं चहाच्या टपरीवर त्यानं सांगून पाहिलं होतं, की पोरगी आभाळातल्या खड्ड्यांचा अभ्यास करते. टपरीवाला म्हणाला, आधी पडघ्याच्या रस्त्याला या म्हणावं.

म्हणून शनिवारी डबा घेऊन आलेल्या संघरत्नाला त्यानं टाकीशेजारीच बसवलं. तिनं सांगितलं, त्या खड्ड्याभोवती, म्हणजे कृष्णविवराभोवती, वायूची मोठी तबकडी फिरते. आतला पट्टा जोरात, बाहेरचा सावकाश.

"मंग तो वायू आत पडत न्हाय?"

"नुसतं फिरून नाही पडत, बाबा. पट्टे एकमेकांना घासतात, त्यात आतल्याची फिरकी बाहेरच्याला जाते. मग आतला घसरतो."

हिरामणनं टाकीत पाहिलं. ढवळणीजवळ खळ पळत होती, कडेला रेंगाळत होती. "म्हंजे चिकटपणा," तो म्हणाला. "ह्ये तं मी रोज बघतो."

मग ती म्हणाली, वायू फार झाला की स्वतःच्याच ओढीनं गोळा व्हायला बघतो. आधी लांब वळणदार हात फुटतात, तेही फिरकी बाहेर ढकलतात.

"आन गुठळ्या?" हा त्याच्या धंद्याचा प्रश्न होता.

"गरम असला की नाही होत. झटकन थंड झाला की होतात."

"थांब, दावतो," म्हणत हिरामणनं वाफ बंद केली, ढवळणीही थांबवली. संघरत्ना सांगत राहिली, की खळीचं कारण वेगळं, ती काही स्वतःच्या वजनानं गोळा होत नाही.

"कारण वेगळं, पन थंडी तीच ना?"

बापलेक हात फुटायची वाट बघत टाकीवर वाकून बसले. सुपरवायझर राकेश आला, तेव्हा टाकीत लिंबाएवढ्या गुठळ्या होत्या.

"हिरामणभाऊ, ये क्या है?" त्यानं हळूच विचारलं. ओरडायचं त्याला सुचलंच नाही.

रविवारी हिरामण स्टीलचा डबा घेऊन माइकसमोर उभा राहिला. पहिल्या रांगेत बायको मंदानं आपला चांगला डबा ओळखला आणि कपाळाला हात लावला. हिरामणनं वायू, पट्टे, घासणं, थंडी सगळं सांगितलं आणि डब्यातली गुठळी वर धरली. "खळीत ही झाली तवा मला अख्ख्या कारखान्याची बोलनी खावी लागली. माझी पोर बघते त्या तबकडीत झाली, तर तिचा तारा व्हतो."

टाळ्या थांबेनात. संघरत्ना डोळे पुसत हसत होती. दाजींनी माइकसाठी हात पुढे केला.

"बसा दाजी," हिरामण म्हणाला, "अजून वळनदार हात ऱ्हायलेत."

मागच्या दोन रांगा हळूच जेवायला उठल्या.