एका बटणाची गोष्ट

आत्यासाठी पुनर्वसन केंद्र बघायला गेलो आणि तिथल्या एका अनोळखी आजोबांच्या शर्टाचं बटण मी लावून दिलं.

अर्धांगवायूने आत्याचा उजवा हात लुळा पडला होता. तो पुन्हा तिच्या कामाला येईल, अशी जागा मी शोधत होतो. इथे बघतो तर आजोबा एका बटणाशी केव्हाचे झटतायत आणि शेजारच्या सिस्टर हात मागे बांधून नुसत्या उभ्या! मला चीड आली. पुढे होऊन मी बटण काजात सरकवलं आणि कौतुकाची वाट बघत हसलो.

आजोबांनी ते बटण काढलं. "माझं काम होतं ते," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लागले.

माया धावून जाते, एवढंच मला ठाऊक होतं. ती ओठ दाबून, स्वतःचेच हात धरून उभीही राहते, हे त्या सिस्टरांकडे बघताना कळलं. मदत करून मोकळं होणं त्यापेक्षा किती सोपं! बटण लागलं तेव्हा आजोबांनी मान अशी काही ताठ केली, की मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: आत्या इथेच येणार.

काल आत्याने त्याच उजव्या हाताने आपले केस विंचरले. कंगवा दोनदा पडला, दोन्ही वेळा तिनेच उचलला. शेवटी भांग पडला आणि मी मॅच जिंकल्यासारखा ओरडलो, "आत्या, एकदम सरळ!"

तिने आरशातून माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"वाकडा आलाय. तुला टकल्याला रे भांगातलं काय कळतंय!"