खलनायकाचा उखाणा

कोडी घालणारा तो खलनायक मी पडद्यावर चार रूपांत पाहिला, आणि त्यातल्या तीन रूपांना बोलायचे शब्द मी दिले. परदेशी चित्रपटांचे आणि मालिकांचे संवाद आपल्या भाषेत लिहिणं हा माझा धंदा, म्हणजे डबिंगचं लेखन. पूर्वी हिंदीतच लिहायचो. आता लोक मोबाइलवर सगळं बघतात, त्यामुळे मराठीतही काम मिळतं.

हा खलनायक मूळचा कॉमिक बुकातला. गुन्हा करायचा आणि आधी पोलिसांकडे एक कोडं पाठवायचं, ही त्याची पद्धत. कोडं सुटलं की पुढचा गुन्हा कुठे ते कळतं. गप्प बसला असता तर हा माणूस जन्मात सापडला नसता. पण आपण किती हुशार आहोत हे कुणाला तरी कळलं पाहिजे, ही त्याची खाज. आमच्या भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या सोसायटीचे सेक्रेटरी पाणी बंद राहणार असल्याची सूचना ज्या भाषेत लिहितात, ती वाचल्यावर मला त्याचा स्वभाव लगेच कळला.

पहिल्यांदा तो दिसला भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. मालिका तेव्हाच जुनी झाली होती. अंगाला चिकटलेले हिरवे कपडे, त्यावर प्रश्नचिन्हं, आणि प्रत्येक वाक्यानंतर हसणं. लग्नात पंगतीत बसून स्वतःच्याच विनोदावर हसणारे एक काका असतात, तसा. त्याची भीती कुणालाच वाटत नव्हती, पोलिसांनाही नाही.

नव्वदच्या दशकात तो पुन्हा आला तेव्हा चित्रपट मोठा होता, दिवे जास्त होते आणि तो सतत ओरडत होता. त्याचे हिंदी संवाद मी लिहिले आणि आवाज दिला माझ्या मित्राने. हा मित्र भाईंदरच्याच नवघरचा, मूळ आगरी गाववाला. त्याच्या आजोबांची भातशेती होती आणि मिठागरात हिस्सा. आता त्या शेतांवर सात मजली इमारती आहेत आणि दादरहून आलेले माझ्यासारखे लोक त्यात राहून गावची हवा पूर्वी किती चांगली होती ते त्यालाच सांगतात. तो सरकारी नोकरी सांभाळून डबिंग करायचा. घरी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बोलणारा हा माणूस माइकसमोर उभा राहिला की लखनौहून नुकताच आल्यासारखी हिंदी बोलायचा. त्या चित्रपटासाठी तो इतका ओरडला की स्टुडिओतल्या चहावाल्याने बाहेर कुणाचं भांडण चाललंय म्हणून विचारलं.

तिसरा अवतार कार्टूनमधला. हिरवा सूट, गोल टोपी, हातात काठी, बोलणं प्राध्यापकासारखं. हा मला सर्वांत आवडला, कारण त्याला घाई नव्हती. मित्रानेही तो सुरेख केला. पुढे एका सांस्कृतिक मंडळाने त्याला ‘आवाजाचा बादशहा’ असा किताब दिला. शाल, नारळ, आणि दीड तास प्रमुख पाहुण्यांचं भाषण. ज्याच्या आवाजाचा सत्कार होता त्याला बोलायला दोन मिनिटं मिळाली, त्यातही अध्यक्ष घड्याळ बघत होते.

त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठ साधी होती. डॉक्टरांनी ती काढली, जीव सुखरूप राहिला आणि आवाज गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही. पत्र्यावर वाळू घासावी तशी एक कुजबुज उरली. ती ऐकू यायला समोरच्याने थांबायला हवं, आणि भाईंदरमध्ये थांबतो कोण.

केबिन रोडवर एकदा मी त्याच्याबरोबर होतो. त्याने भाजीवाल्याला काहीतरी सांगितलं. भाजीवाला म्हणाला, ‘‘क्या चाचा? जोर से बोलो ना.’’ त्याने पुन्हा सांगितलं. ‘‘अरे चाचा, मुंह में पान है क्या?’’ मागे उभ्या असलेल्या बाई हसल्या. मित्राने बोटाने भेंडी दाखवली, अर्धा किलो सांगायला दोन बोटं जवळ आणली, भाजीवाल्याने ती दोन किलो समजली, आणि मित्र दोन किलो भेंडी घेऊन घरी गेला. त्या दिवसापासून त्याने बाहेर बोलणं सोडलं. बाजारात वहिनी बोलायच्या, फोनवर वहिनी बोलायच्या. हळूहळू तो घरातही मानेनेच उत्तरं द्यायला लागला.

‘‘भावजी, पूर्वी टीव्ही बंद करा म्हणून हा ओरडायचा तर मी वैतागायचे,’’ वहिनी मला म्हणाल्या. ‘‘आता मीच त्याला विचारते आणि मीच उत्तर देते. चहा हवा का? हवा. माझ्याशीच संसार चाललाय माझा.’’

यावर्षी चौथा अवतार आला. नवी मालिका, मराठीतही येणार होती. यात हिरवा सूट नाही, टोपी नाही, हसणं तर नाहीच. तोंडावर शिवलेला मुखवटा, आणि मुखवट्यामागून येणारी खरखरीत कुजबुज. पहिला भाग पाहताना पाच मिनिटांत मी टीव्ही थांबवला. तो आवाज मला ओळखीचा होता. इतकी वर्षं माझ्या मित्राचा आवाज त्या भूमिकेला शोभला, आणि आता मित्राच्या घशाचं जे झालं, नेमकं तेच भूमिकेचं झालं होतं.

मी स्टुडिओला त्याचं नाव सुचवलं. मग त्याला सांगायला गेलो. तो मान हलवून नाही म्हणाला. वहिनी म्हणाल्या, ‘‘तो जाईल.’’ तो पुन्हा नाही म्हणाला. वहिनी म्हणाल्या, ‘‘बघा, हो म्हणतोय.’’ इतके दिवस त्याच्या वतीने बोलण्याचा त्यांना सराव झाला होता.

निघताना तो मला दारापर्यंत सोडायला आला आणि पुष्कळ दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलला. ‘‘तिथं पन कोन हसला, तर मी परत तोंड उघरनार न्हाय.’’ मीही मान हलवूनच हो म्हटलं.

आता माझी चूक सांगतो. त्याच्या आवाजाच्या चाचणीसाठी निवडलेल्या प्रसंगात खलनायक एका पुलाच्या ठेकेदाराला फोन करतो आणि कोडं घालतो. कोड्याचं उत्तर म्हणजे पुढचा बळी, खुद्द ठेकेदार. इंग्रजीत ते कोडं एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभं होतं. मराठीत त्या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे कोडं आडवं पडलं. मी चार दिवस घासाघीस करून एक बरं कोडं तयार केलं आणि त्याआधी खलनायकाच्या तोंडी वाक्य घातलं: ‘एक उखाणा घालतो. सोडव.’

माझी आई वऱ्हाडातली. तिच्याकडे कोड्याला उखाणाच म्हणत. जुन्या कोशातही तोच अर्थ पहिला दिला आहे. ‘कोडं’ हा शब्द मला वर्तमानपत्रातल्या चौकोनांसारखा वाटत होता, ‘उखाणा’ भारदस्त वाटला. शिकल्या-सवरलेल्या माणसाला शब्द भारदस्त वाटायला लागला की त्याने तो खोडावा, हे मी इतरांना नेहमी सांगतो.

स्टुडिओ मीरा रोडला, एका औद्योगिक गाळ्यात. बाहेर पाटी मोठी, आत खोली लहान. भिंतीवर ‘स्वप्नं मोठी बघा’ असा फलक होता आणि त्याखाली बसायला एकच खुर्ची. दिग्दर्शन करणारी मुलगी तिशीची असेल. तिच्या शेजारी आवाज टिपणारा तरुण. माइक काचेपलीकडच्या खोलीत. मित्र आत गेला, कानांवर हेडफोन चढवले, कागद हातात घेतला.

‘‘काका, एकदा नुसतं वाचा,’’ मुलगी म्हणाली. ‘‘इमोशन नंतर बघू.’’

तो वाचायला लागला. पहिलं वाक्य ऐकून ती पुढे झुकली. दुसऱ्या वाक्याला तिने पेन खाली ठेवलं. आणि मग तो म्हणाला, ‘‘एक उखाणा घालतो. सोडव.’’

ती फिस्सकन हसली. आवाज टिपणाराही हसला. ‘‘काका, हे काय लिहिलंय?’’ ती माझ्याकडे वळून म्हणाली. ‘‘व्हिलन लग्न करतोय का? आता काय, ठेकेदाराला घास भरवणार?’’

‘‘उखाणा म्हणजे कोडं. तो जुना अर्थ आहे,’’ मी म्हणालो.

‘‘जुना म्हणजे कुणाच्या वेळचा? उखाणा माझ्या वहिनीने घेतला, गेल्या महिन्यात. त्यात श्रीखंड होतं.’’

हे सगळं काचेच्या अलीकडे चाललं होतं आणि आत आवाज जाण्याचं बटण बंद होतं. आतून मित्राला एवढंच दिसलं की आपण तोंड उघडलं आणि दोन माणसं हसली. मी वर पाहिलं तेव्हा त्याने हेडफोन काढून स्टँडला अडकवले होते आणि तो कागदाची घडी करत होता. नीट चार पदरी घडी.

मी दार उघडून आत गेलो. ‘‘तुझ्यावर नाही हसले,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्यावर हसले. मी कोड्याला उखाणा लिहिलं.’’

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खोटं बोलतोय का, ते तो तपासत होता. मग त्याने घडी उघडून ती ओळ पाहिली.

‘‘काय रं,’’ तो म्हणाला. ‘‘उखाना म्हंजे नाव घेतान तो. यवरी पुस्तका वाचलीस, यवरा पन म्हाइत न्हाय?’’

‘‘आमच्याकडे कोड्याला म्हणतात.’’

‘‘तुमचेकरं रेल्वे पन उशिरा आली आसंल.’’

इतक्या महिन्यांनी त्याने मला टोमणा मारला होता. मग तो कागदाकडे बघत विचार करायला लागला. त्याची आई धवलारीण होती. आगरी लग्नात जी बाई धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि सगळे विधी उरकते ती. नाव घ्यायची वेळ आली की लाजलेल्या नवरीच्या तोंडून शब्द फुटत नसे. तेव्हा त्याची आई मागे उभी राहून तिच्या कानात उखाणा सांगायची, आणि नवरी तो मोठ्याने म्हणायची. लहानपणी आईच्या पदराला धरून त्याने अशी कित्येक लग्नं पाहिली होती.

‘‘आय कानान सांगाची,’’ तो म्हणाला. ‘‘नवरी घाबरलेली. आय हलू हलू सांगाची. तसा बोलून बगतो. तू जा भायेर.’’

मी बाहेर आलो. मुलीला म्हणालो, ‘‘एकदा ऐक. नाही आवडलं तर शब्द बदलू.’’ तिने बटण दाबलं. ‘‘सॉरी काका, स्क्रिप्टवर हसलो आम्ही. घ्या तुम्ही.’’

त्याने हेडफोन घातले नाहीत. कागदही खाली ठेवला. माइकच्या अगदी जवळ गेला, जसं कुणाच्या कानाशी जावं, आणि माझ्या कोड्याऐवजी स्वतः जुळवून म्हणाला:

‘‘सात खांब पुलाला, सातव्यात भरली माती,
ठेकेदारसाहेबांचं नाव घेतो, फुलं तयार ठेवा हाती.’’

बोलला हलकेच, जवळजवळ मायेने. ‘नाव घेतो’ च्या आधी किंचित थांबला, नवरी थांबते तेवढाच. काचेच्या अलीकडे कुणी हसलं नाही. आवाज टिपणाऱ्याने आपल्या दंडावरून हात फिरवला.

मला तेव्हा लक्षात आलं की उखाण्याचे ते दोन अर्थ मुळात एकच आहेत. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ते यमकात लपवायचं आणि शेवटी सोडायचं. हा खलनायकही इतकी वर्षं तेच करत होता. माझ्या आईचा आणि त्याच्या आईचा शब्द असा एका गाळ्यात भेटला, आणि मी कोश घेऊन मध्ये उभा होतो.

‘‘काका,’’ मुलगी बटण दाबून म्हणाली, ‘‘तुमच्याकडे असे अजून आहेत?’’

‘‘किती जनांना मारतंय तो?’’ आतून कुजबुज आली.

‘‘आठ भाग आहेत.’’

‘‘मंग आठ करू.’’

निर्णय तिचा एकटीचा नव्हता. चाचणी वर पाठवायची होती. वर म्हणजे कुणीतरी, ज्यांना मराठी येत नाही पण मत असतं. चार दिवस काही कळलं नाही. ते चार दिवस मित्र घरी पुन्हा मानेवरच होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे बसलो असताना फोन वाजला. वहिनींनी सवयीने उचलला, ऐकला आणि पुढे धरला. ‘‘स्टुडिओतली मुलगी आहे, तुझ्याशीच बोलायचंय म्हणते. मी नाही बोलणार.’’

त्याने फोन कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. ‘‘हां बेटा,’’ तो म्हणाला. ‘‘सोमवारी येतो.’’ पलीकडून बहुधा काही ऐकू आलं नाही, कारण त्याने न वैतागता पुन्हा म्हटलं, ‘‘सोमवारी.’’

फोन ठेवल्यावर त्याने तो उखाणा वहिनींना म्हणून दाखवला. वहिनी म्हणाल्या, ‘‘लग्नात माझं नाव घेताना अडखळला होतास तीनदा. ठेकेदाराचं बरं घेतोस.’’

‘‘तवा भ्यालो होतो,’’ तो म्हणाला.

आठ भागांचं काम झालं. पुढे मालिकेच्या शेवटी पडद्यावर नावं आली त्यात स्टुडिओचे दोन मालक, त्यांचे समन्वयक आणि समन्वयकांचे सहायक होते. त्याचं नाव शेवटी, इतक्या बारीक अक्षरात की मी टीव्हीजवळ जाऊन वाचलं. माझं नव्हतं. शाल-नारळाचं मंडळ यावेळी आलं नाही, ते एका परीने बरंच झालं.

परवा आम्ही दोघं केबिन रोडवर गेलो. तोच भाजीवाला. मित्राने काहीतरी सांगितलं. ‘‘क्या चाचा? सुनाई नहीं देता.’’ मित्र टोपल्यांवरून पुढे वाकला, थेट त्याच्या कानाशी गेला, आणि खलनायकाच्या त्या मायाळू कुजबुजीत म्हणाला, ‘‘आधा किलो भेंडी. सिर्फ आधा.’’

भाजीवाला दचकून अर्धं पाऊल मागे सरला. मग त्याने अर्धा किलो भेंडी निवडून निवडून तोलली आणि न मागता वर कोथिंबीर टाकली.