शेळ्यांचं वाण वेगळं

आम्ही शेळ्या राखणारी माणसं. तेलगावपासून थोडं आत आमचं गाव. एका उन्हाळ्यात गावातल्या लेकरांना जुलाब लागले आणि काही केल्या थांबेनात. तेव्हा गावातले एक बडे शेतकरी, ज्यांच्या शब्दाबाहेर ग्रामपंचायत जात नाही, त्यांनी ग्रामसभेत सांगून टाकलं की ही घाण शेळ्यांची आहे. ठराव झाला. पिण्याच्या विहिरीजवळच्या हौदावर आमच्या शेळ्यांना बंदी. दुसऱ्या दिवसापासून आई त्यांना ओढ्यापलीकडच्या डबक्यावर न्यायला लागली, दुखऱ्या गुडघ्यांनी.

मी तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. आमच्या मॅडम जिआर्डियाचा अभ्यास करायच्या. हा आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात, पण जनुकं तपासली की त्यांची वेगवेगळी वाणं निघतात. काही माणसांत आढळणारी, काही जास्त करून गुराढोरांत, शेळ्यांत. मी म्हणाले, आमच्या गावच्या माणसांच्या आणि शेळ्यांच्या विष्ठेचे नमुने घेऊ. निकाल तुमच्याच विरुद्ध गेला तर, असं मॅडमनी विचारलं. तर तोही मीच गावात सांगेन, मी म्हणाले.

झाकणाच्या डब्या घेऊन मी घरोघर फिरले. लोक हसले. त्या बड्या शेतकऱ्यांनी तर दारातूनच परत पाठवलं. शेळ्या राखणाऱ्याची पोर आता आमच्या घरची घाण तपासणार का, म्हणाले. त्यांची म्हातारी आई आतून ऐकत होती. ती काठी टेकत बाहेर आली.

"आण ती डबी," ती म्हणाली. "पोट माजं दुखतंय, ह्याचं न्हाई."

शेळ्यांच्या लेंड्या मी स्वतः वेचल्या. निकालाला बरेच महिने लागले. तोवर मला धाकधूक होती, कारण माणसांतलं वाण कधीकधी शेळ्यांतही सापडतं, हे मला ठाऊक होतं. आमच्या शेळ्यांत जिआर्डिया निघाला, पण गुराढोरांतल्या वाणाचा. माणसांत माणसांचीच दोन वाणं, काहींच्या पोटात तर दोन्ही एकदम. ज्यांच्यात सापडला त्यांना एकेकट्याला भेटून मी दवाखान्यात पाठवलं. कोणाच्या घरी काय निघालं ते चारचौघांत बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. वडील खाली बस म्हणून खुणावत होते. कपाशीच्या बियाण्यात वाणं असतात तशी यातही असतात, मी सांगितलं. शेळ्यांतलं वाण कुणाही माणसाच्या नमुन्यात सापडलेलं नाही. जे सापडलं ते माणसांचं, तेव्हा विहिरीला लागून असलेले संडासाचे खड्डे आधी बघा.

"मंग आमच्या घरी बी निगालं का?" बड्या शेतकऱ्यांनी विचारलं.

"कुणाच्या घरी निगालं ते मी सांगणार न्हाई," मी म्हणाले. "आमच्या शेळ्यांत ते नव्हतं, एवढं सांगते."

ठराव रद्द करा म्हटलं, तर पुढच्या सभेत बघू, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या सकाळी मी आणि आई शेळ्या घेऊन थेट हौदावर गेलो. ते बडे शेतकरी वाटेतच उभे होते. आईने त्यांच्यासमोर आजवर कधी मान वर केली नव्हती.

"सरका," ती म्हणाली. "शेळ्या तानेल्या हायेत."

ते सरकले.

काही महिन्यांनी विहिरीजवळचे खड्डे बुजवून लांब खणले गेले. त्याचं श्रेय कुणी आम्हाला दिलं नाही. ठराव अजून रद्द झालेला नाही. आम्ही तो पाळत नाही.