कल्याणरावांच्या वाटणीचं धड

नेकनूरच्या कल्याणरावांनी आयुष्यात एकच धाडस केलं. किराणा दुकानात तराजूशेजारी कॉम्प्युटर आणून बसवला. गावात तेव्हा तो एकटाच होता, आणि कल्याणरावांना तो चालवता येत नव्हता. रोज लिंगपूजा झाली की ते त्यावरची धूळ पुसत आणि दुकान पहिल्यासारखंच चालवत.

पुढे दुकान बंद झालं. थोरल्या रवीनं फोटो स्टुडिओ काढला, धाकट्या मृत्युंजयनं टायपिंग सेंटर. दोन्ही घराच्याच दोन टोकांना. दोघांकडे नवे कॉम्प्युटर आले. जुना फेकवेना. मृत्युंजयनं त्यात घरखर्चातून मोठी डिस्क बसवली, दोन्हीकडून निळ्या वायरी ओढल्या आणि त्याला मधल्या खोलीत कल्याणरावांच्या खाटेशेजारी ठेवलं. दोघांचंही सगळं काम आता त्याच्या पोटात साठायचं. त्यानं स्वतः काही करायचं नव्हतं, फक्त चालू राहायचं होतं. घराची कल्याणरावांकडूनही तेवढीच अपेक्षा होती.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात भाऊ भांडले आणि पंच म्हणून गावातले त्रिंबकराव येऊन बसले. सामाईक वस्तू राहिली की भांडण राहतं, असं त्यांचं तत्त्व. म्हणून झोपाळ्याची फळी रवीला, कड्या मृत्युंजयला. उखळ एकाला, मुसळ दुसऱ्याला. मग ते कॉम्प्युटरपाशी आले.

“मॉनिटर रवीला. कीबोर्ड मृत्युंजयला.”

“आन् हे डबडं?” रवीनं विचारलं.

“मुंडकं गेलं, हात गेले. धड काय कामाचं? राहू द्या आप्पाला.”

मग आप्पांची, म्हणजे कल्याणरावांचीच वाटणी झाली. एक महिना इकडं, एक महिना तिकडं. मधल्या खोलीतून भिंत जाणार होती. कल्याणरावांचं मागणं मोठं नव्हतं. मरेपर्यंत ह्याच खोलीत झोपायचं होतं. तसं ते बोलले.

त्रिंबकराव म्हणाले, “आप्पा, खोली राहतीय कुठं? भिंत येतीय ना.”

धड चालूच होतं. डोकं आणि हात गेल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. पण सटवा गवंडी पाया आखायला आला त्याच दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा धड एकदा पीं करून ओरडलं आणि तिथंच अडलं. रवीची लग्नं आत, मृत्युंजयचे अर्ज आत.

“कीबोर्ड मागतंय,” मृत्युंजय म्हणाला. “आन् पडद्याबिगर त्याचं म्हणणं दिसत न्हाई.”

मधली खोली वाटणीत निम्मीनिम्मी गेली होती, आणि वाटणीची वस्तू भावाच्या उंबऱ्याआत नेली तर ती त्याला दिल्यासारखी होते, असं दोघांचंही मत होतं. बीडला नवा कीबोर्ड स्वस्तात मिळत होता, पण सामाईक डबड्यासाठी एकट्यानं कशाला घ्यायचा, की धंद्यातला काढून द्यायचा? पुन्हा त्रिंबकराव आले. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळून निवाडा दिला: मधली खोली तूर्त कुणाचीच नाही असं धरा, दोघांनी आपापली वाटणी घेऊन तिथं यावं. भिंत थांबली. सटवा दोरी गुंडाळून गेला.

लाइट रोज जायची. ती आली की रवी मॉनिटर पोटाशी धरून यायचा, मृत्युंजय कीबोर्ड बगलेत मारून. एकमेकांशी बोलणं बंद होतं.

“आप्पा, त्याला म्हणा, वायर नीट खुपस.”

“आप्पा, त्याला म्हणा, मला शिकवू नको.”

वीतभर अंतरावरचे हे निरोप कल्याणराव शब्द न गाळता पोचवत. पडद्यावर इंग्रजीत उमटे: कीबोर्ड सापडत नाही, पुढं जायचं तर कीबोर्डवरचं बटण दाबा. मृत्युंजयनं त्याचा अर्थ सांगितला तेव्हा कल्याणरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास मृत्युंजय बीडहून काहीतरी शिकून आला. त्यानं एक वेगळाच निळा पडदा उघडला, त्यातली एक ओळ बदलली आणि थांबला.

“आप्पा, हितं एवढा बदल कायम केला की हे कीबोर्डबिगर उठतंय. मग कुणी यायची गरज न्हाई.”

यंत्रातलं कल्याणरावांना काही कळत नव्हतं. हे कळलं.

“मग भिंत?”

“बांधू की.”

“आन् मी?”

“पैला म्हैना रवीदादाकडं.”

रवीनं झटकन मान वर केली. “माझ्याकडं कावून बे? पैला तुझ्याकडं ठरलंय.”

“थोरला कोण हाय?”

“वाटणी मागताना थोरला आठवला न्हाई तुला!”

“मुंडकं घेऊन बसलास ना? मग बापाला बी घे!”

“हात तुझ्याकडं हायेत. तू भरव!”

कल्याणराव सवयीनं मध्ये पडले. “रवी, तो म्हणतोय...”

“ऐकू आलं, आप्पा!” दोघंही ओरडले.

मृत्युंजयनं कीबोर्ड उपसला आणि तरातरा निघून गेला. केलेला बदल कायम करायला अजून एक बटण दाबायचं होतं, ते राहिलं. रवीही मॉनिटर उचलून गेला. दोन्ही टोकांकडून शिव्या मात्र चालूच राहिल्या, मधल्या खोलीवरून.

त्रिंबकराव दारात आले. “आप्पा, कशाचा गलका हो?”

“पोरं बोलायलेत एकमेकांशी,” कल्याणराव म्हणाले. “लई दिवसांनी. पैला म्हैना कुणाचा, ते ठरवायलेत.”

“मग? ठरलं?”

“न्हाई. ठरत न्हाई ते,” म्हणत कल्याणराव खाटेवर ऐसपैस आडवे झाले.